सवलत मालाला असते, कारखान्याला नव्हे

मॉरिशसहून आलेल्या एका पत्राचा हा सारांश आहे. लिहिणाऱ्या भगिनींची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी कोकणातून त्या बेटावर गेले. त्या स्वतः आठ माणसांचा लहानसा फळप्रक्रिया कारखाना चालवतात. अननसाचा जॅम, चिनी पेरूचे पेय आणि चिंचेचे सरबत हा त्यांचा माल असून तो बेटावरची हॉटेले आणि दुकाने विकत घेतात. गेल्या वर्षी त्यांनी शेजारच्या रियुनियन बेटावरच्या एका दुकानदाराला जॅमच्या बरण्या पाठवल्या. दुकानदाराला त्यावर ‘पूर्ण शुल्क’ भरावे लागले आणि त्याने पुढची मागणी निम्म्यावर आणली. दरम्यान दादरमधल्या एका नातेवाइकांनी ‘आमच्याकडे पाठवा, भारताशी आता करार झाला आहे, शुल्क शून्य आहे’ असे सुचवले. त्याच सुमारास पोर्ट लुईमधला एक व्यापारी वेगळाच प्रस्ताव घेऊन आला. तिसऱ्या देशातून फळांच्या रसाचा अर्क तो आणून देणार, या भगिनींनी त्यात पाणी घालून बाटल्या भरायच्या आणि मॉरिशसचा माल म्हणून कागदावर सही करायची, बाटलीमागे पैसे रोख मिळतील. त्यांचे प्रश्न तीन आहेत. देशादेशांतले हे व्यापार करार फक्त मोठ्या कंपन्यांसाठीच असतात का? एका सल्लागाराने मोठी फी सांगितली आहे, ती द्यावी का? आणि व्यापाऱ्याचा प्रस्ताव स्वीकारावा का?

ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. मराठीत मध्येच क्रिओल शब्द येतात, त्यांनी पत्राला तुमच्या बेटाचा वास आला आहे. तुम्ही विचारलेला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांवर सावकाश विचार करता येईल, या प्रश्नाला मात्र थांबायला वेळ नाही. व्यापाऱ्याला नाही म्हणा, आणि ते तोंडी न ठेवता दोन ओळी लिहून कळवा.

मी हे नीतीच्या भूमिकेवरून सांगत नाही, ती तुम्हाला माझ्याहून चांगली ठाऊक असेल. हिशेबाच्या दृष्टीनेही हा सौदा तुमच्या अंगाशी येणारा आहे. अर्कात पाणी घालणे, बाटल्या भरणे, झाकण लावणे, लेबल चिकटवणे या कामांना व्यापार करारांच्या भाषेत बहुधा ‘अपुरी प्रक्रिया’ समजतात, आणि तेवढ्यावर माल मॉरिशसचा ठरत नाही. शिवाय रसाचा अर्क आणि पाणी घालून पूर्ववत केलेला रस हे दोन्ही मालाच्या जागतिक वर्गीकरणात २००९ क्रमांकाच्या एकाच शीर्षकाखाली येतात, म्हणजे मालाचे रूपांतर झाले असे कागदावरही दिसत नाही. भारताने २१ सप्टेंबर २०२० पासून व्यापार करारांखालच्या आयातीसाठी वेगळे नियम लागू केले आहेत. व्यापारी लोक त्यांना ‘कॅरोटार’ म्हणतात. या नियमांनुसार सवलत मागणाऱ्या आयातदाराकडे माल कसा, कुठे आणि कशापासून तयार झाला याची माहिती आधीपासून असावी लागते आणि ती पाच वर्षे जपून ठेवावी लागते. शंका आली तर भारतीय सीमाशुल्क विभाग मॉरिशसच्या यंत्रणेमार्फत थेट तुमच्या कारखान्याची चौकशी करवू शकतो. माल मॉरिशसचा असल्याचा दाखला खोटा निघाला तर त्याच उत्पादकाच्या तशाच मालाला पुढेही सवलत नाकारण्याची मुभा भारतीय सीमाशुल्क कायद्यात आहे. व्यापारी तोवर दुसरा कारखाना शोधेल. सही मात्र तुमची असेल आणि नावही तुमचेच जाईल.

आता पहिला प्रश्न. हे करार मोठ्यांसाठीच असतात, असे तुम्हाला वाटते. हे वाटणे निराधार नाही. करार झाला की एखाद्या हॉटेलच्या सभागृहात कार्यशाळा होते, मंत्रिमहोदय बोलतात, चकचकीत पुस्तिका वाटल्या जातात, आणि दुपारच्या जेवणानंतर ज्यांच्याकडे निर्यातीचा वेगळा विभाग आहे त्यांनाच त्या पुस्तिकेचा अर्थ लागतो. पण ‘करार माझ्यासाठी आहे की नाही’ हा प्रश्न ज्या रीतीने तुम्ही मांडला आहे, तीच रीत मला थोडी तपासावीशी वाटते. करारात कंपनीचे नाव नसते, तिचा आकारही नसतो. असतात ते मालाचे आकडे, म्हणजे वर्गीकरणातले क्रमांक. सवलत एकेका मालाच्या एकेका आकड्याला मिळते, आणि तो आकडा लागू पडला की आठ माणसांच्या कारखान्याला आणि आठशे माणसांच्या कारखान्याला शुल्काचा दर एकच असतो. मोठ्यांना फायदा अधिक होतो हे खरे. त्यामागचे कारण साधे आहे. हा आकडा शोधायला, त्याच्या अटी वाचायला आणि कागद नीट ठेवायला त्यांच्याकडे पगारी माणूस असतो. तुमच्याकडे तो माणूस तुम्हीच आहात, म्हणून काम मोजके ठेवावे लागेल.

भारत आणि मॉरिशस यांच्यातला सर्वंकष आर्थिक सहकार्य व भागीदारी करार २२ फेब्रुवारी २०२१ रोजी झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. आफ्रिकेतल्या देशाशी भारताने केलेला हा असा पहिलाच करार आहे. त्यात मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना भारतीय बाजारात सवलत मिळाली, आणि भारताच्या ३१० वस्तूंना तुमच्याकडे. ‘गोठवलेले मासे, विशेष साखर, बिस्किटे, ताजी फळे, रस, साबण, पिशव्या, तयार कपडे’ अशी यादी तेव्हा बातम्यांत आली होती, आणि दादरच्या तुमच्या नातेवाइकांनी बहुधा तीच वाचली असावी. त्यातला ‘रस’ हा शब्द वाचून त्यांनी तुमच्या पेयाला शून्य शुल्क लावून टाकले. बातमीतला शब्द आणि करारातली नोंद यांत फार अंतर असू शकते, आणि तुमच्या बाबतीत ते अंतर एका ग्लास पाण्याएवढे आहे.

माल ओळखण्याची पद्धत जगभर एक आहे. तिला एचएस कोड म्हणतात आणि त्याचे पहिले सहा आकडे सर्व देशांत सारखे असतात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. फळाचा निखळ रस, साखर घातलेला असला तरी, २००९ मध्ये येतो. पण त्यात पाणी घालून तो पिण्याजोगा पातळ केला की तो रस राहत नाही. तो ‘पेय’ होतो आणि २२०२ मध्ये जातो. तुमच्या चिनी पेरूच्या बाटलीवर ‘ज्यूस’ असे छापले असेल, पण तुम्हीच पत्रात लिहिले आहे की त्यात गराच्या दुपटीने पाणी असते. तेव्हा तो माल बहुधा २२०२ चा आहे. चिंचेचे सरबत, जे पाण्यात मिसळूनच प्यायचे असते, ते सर्वसाधारणपणे २१०६ मध्ये मोडते. अननसाचा जॅम २००७ मध्ये येतो. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर तयार होणाऱ्या तुमच्या तीन वस्तू कस्टम्सच्या दृष्टीने तीन वेगळ्या जातींच्या आहेत, आणि एकीला सवलत असली म्हणून दुसरीला असेलच असे नाही. म्हणून बातमी बाजूला ठेवा आणि कराराला जोडलेल्या शुल्काच्या परिशिष्टात हे तीन आकडे शोधा. आकडा सापडला तरी शुल्क पहिल्या दिवसापासून गेले आहे, टप्प्याटप्प्याने कमी होत आहे, की ठराविक कोट्यापुरतेच माफ आहे, हे त्याच ओळीत पुढे पाहावे लागते. आकडा सापडलाच नाही, तर त्या मालासाठी हा करार झालाच नाही असे समजून पुढे चला.

हा शोध घेण्यासाठी फी द्यावी लागत नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचे ‘मार्केट अ‍ॅक्सेस मॅप’ हे संकेतस्थळ कोणत्या देशात कोणत्या मालाला किती शुल्क आहे ते दाखवते. ‘रूल्स ऑफ ओरिजिन फॅसिलिटेटर’ हे त्याच्या सोबतीचे संकेतस्थळ त्या त्या करारातली मूळस्थानाची अट, म्हणजे माल एखाद्या देशाचा ठरायला काय लागते ते, काढून देते. युरोपसाठी युरोपीय संघाचे स्वतःचे ‘अ‍ॅक्सेस टू मार्केट्स’ आहे. तिन्ही मोफत आहेत. एका शांत रविवारी चहाचा कप घेऊन बसलात तर संध्याकाळपर्यंत तुमच्या तीन वस्तूंचा निम्माअधिक निकाल लागलेला असेल.

शोधताना एक खबरदारी घ्या. सवलतीचा दर एकटा पाहू नका, शेजारी सर्वसाधारण, म्हणजे करार नसताना लागणारा, दरही पाहा. सर्वसाधारण दरच शून्य किंवा दोन-तीन टक्के असेल तर दाखल्यामागे धावण्यात वेळ घालवू नये. फरक मोठा असेल तेथेच घाम गाळावा. जॅमच्या बाबतीत युरोपीय संघाचा सर्वसाधारण दर सुमारे २४ टक्के असून साखरेचे प्रमाण अधिक असेल तर वजनावर आणखी आकारणी होते. तिथे दाखल्याचा कागद खरोखर मोलाचा आहे.

आणि म्हणूनच मला दादरपेक्षा रियुनियन अधिक महत्त्वाचे वाटते. तुम्ही भारताचा विचार आधी केलात, कारण तो पूर्वजांचा देश आहे, भाषा ओळखीची आहे आणि करार नवा आहे. पण बाजारपेठ नात्याने जवळ आणि अंतराने दूर असली तर नाते थोडेच पुरते. रियुनियन तुमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे लेबल फ्रेंचमध्ये लागते, जी तुमच्या घरात रोज वाचली जाते. तिथले लोक तुमच्यासारखाच अननस खातात, आणि हे बेट फ्रान्सचा, म्हणून युरोपीय संघाचा भाग आहे. मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर आणि झिम्बाब्वे यांनी युरोपीय संघाशी केलेल्या आर्थिक भागीदारी करारावर २००९ मध्ये सह्या झाल्या, त्याही तुमच्याच ग्राँ बे गावी. १४ मे २०१२ पासून तो अंमलात आहे. मग दुकानदाराने पूर्ण शुल्क का भरले?

याची दोन उत्तरे संभवतात, आणि कोणते खरे हे त्याच्याकडच्या कस्टम्सच्या कागदावरूनच कळेल. पहिले असे, की तुमच्या बिलासोबत मूळस्थानाचा पुरावाच गेला नाही. तसे असेल तर इलाज सोपा आहे. या करारात ६,००० युरोपर्यंतच्या मालासाठी वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. करारात दिलेले ठरावीक वाक्य निर्यातदाराने आपल्या बिलावर जसेच्या तसे लिहून, स्थळ, तारीख आणि सही केली की पुरे होते. लहान निर्यातदारासाठी संपूर्ण करारात याहून उपयोगी तरतूद नसेल, आणि कार्यशाळांमध्ये तिचा उल्लेख ओझरताच होतो. मोठ्या मालासाठी मॉरिशस रेव्हेन्यू अ‍ॅथॉरिटीचा सीमाशुल्क विभाग ‘ईयूआर-१’ नावाचा दाखला देतो. तो काही परिस्थितीत माल रवाना झाल्यानंतरही काढता येतो, आणि युरोपीय संघात जादा भरलेल्या शुल्काचा परतावा तीन वर्षांच्या आत मागता येतो. म्हणजे गेल्या वर्षीचे पैसे कदाचित अजून बुडालेले नाहीत.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. रियुनियनमध्ये सीमाशुल्काखेरीज ‘ऑक्त्र्वा द मेर’ नावाचा एक जुना कर आहे. शब्द ओळखीचा वाटेल, कारण मुंबईकर ज्याला २०१७ पर्यंत ऑक्ट्रॉय म्हणत होते त्याचा हा समुद्रावरचा भाऊबंद आहे. ही सागरी जकात पॅरिसहून येणाऱ्या मालालाही लागते, आणि मॉरिशसशी झालेल्या करारामुळे ती माफ होत नाही. दुकानदार ज्याला ‘पूर्ण शुल्क’ म्हणतो त्यातला किती भाग सीमाशुल्काचा आहे, किती या जकातीचा आणि किती मूल्यवर्धित कराचा, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय करार फसवा आहे असा निष्कर्ष काढू नका. कदाचित करार आपले काम करीत असेल आणि भार दुसऱ्याच कराचा असेल.

जॅम मॉरिशसचा आहे हे सिद्ध करणे तुम्हाला कठीण जाऊ नये. अननस ०८०४ मध्ये येतो, साखर १७०१ मध्ये आणि जॅम घट्ट करणारे, बाहेरून येणारे पेक्टिन १३०२ मध्ये. या सगळ्यांतून तयार होणारा जॅम २००७ मध्ये, म्हणजे शीर्षक बदलले, खरे रूपांतर झाले. युरोपच्या नियमांत साखरेवर स्वतंत्र लक्ष असते, म्हणून साखर बेटावरच्या कारखान्याची असल्याचे बिल घ्या. दुकानातून आणलेल्या पोत्याचे मूळ गृहीत धरू नका. चिंच तुम्ही भारतातून आलेली वापरता असे लिहिले आहे. ती सरबत होऊन पुन्हा भारतात गेली तर तिला बाहेरचा कच्चा माल मानायचे की नाही, हे दोन देशांतल्या मालाची बेरीज धरण्याच्या तरतुदीवर ठरते. ती तरतूद त्या त्या करारातून वाचावी, एका करारावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. तुमच्या शेजारी आफ्रिकी देशांच्या ‘कोमेसा’ गटात, उदाहरणार्थ, बाहेरच्या कच्च्या मालाची किंमत एकूण कच्च्या मालाच्या ६० टक्क्यांहून अधिक नसावी किंवा कारखान्यातल्या खर्चात किमान ३५ टक्के मूल्यवर्धन असावे, असे पर्याय आहेत. तोच जॅम तीन करारांखाली तीन निराळ्या कसोट्यांना उतरतो.

खरी अडचण कोड किंवा कसोटी नाही, कागद ही आहे. अननस तुम्ही कारखान्याच्या दारात येणाऱ्या बागायतदारांकडून रोखीने घेता. ते बिल देत नाहीत. उद्या चौकशी आली तर तुमचा अननस बेटावरचाच आहे हे तुम्ही कशावरून दाखवाल? आजपासून एक वही ठेवा. तारीख, बागायतदाराचे नाव, गाव, किलो, रक्कम आणि त्याची सही किंवा अंगठा, एवढे रकाने पुरेत. दुसऱ्या वहीत प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी शिजवलेल्या मालाचा, क्रमांक, त्यात गेलेला अननस, साखर, पेक्टिन आणि निघालेल्या बरण्यांची संख्या लिहा. तोच क्रमांक बरणीवर छापा. अशी वही असलेल्या लहान कारखान्याची तपासणी तासाभरात संपते. ती नसल्यामुळे मालाचे मूळ खरे असूनही सवलत गमावलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा राग नेहमी करारावर निघतो.

भारताकडे वळायचे तर नातेवाइकांना चार प्रश्न विचारा. त्यांच्याकडे आयात-निर्यातीचा क्रमांक आहे का, अन्नपदार्थ आयात करण्याचा एफएसएसएआयचा (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) केंद्रीय परवाना आहे का, न्हावा शेवा बंदरावर माल सोडवून घेणारा कस्टम्स एजंट ठरला आहे का, आणि बरणीत काही दोष निघाला तर लेबलवर आयातदार म्हणून त्यांचे नाव असेल हे त्यांना ठाऊक आहे का? पहिली खेप कौतुकाने येते. दुसरी खेप नफ्यासाठी मागवणारा माणूस हवा. नातेवाईक तो असतील तर उत्तमच, नसतील तर चहाला त्यांच्याकडे जा आणि माल दुसऱ्याकडे पाठवा. भारतात सीमाशुल्क सोडवणुकीच्या वेळी अन्नपदार्थाचे टिकण्याच्या मुदतीपैकी ६० टक्के आयुष्य किंवा तीन महिने, यांतले जे कमी असेल तेवढे शिल्लक असावे लागते. जॅमला हे सहज जमेल. थोड्या मुदतीच्या पेयाचे, जहाज एखाद्या बंदरात अडकले तर, कठीण आहे. माल वाटेत दुसऱ्या बंदरात उतरवावा लागला तर तो कस्टम्सच्या ताब्यात राहिल्याचे आणि मॉरिशसपासून मुंबईपर्यंतचा प्रवास एकच असल्याचे दिसेल असे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, घ्या. वाटेत कोणी गोदामात नेऊन पेट्या फोडल्या आणि पुन्हा बांधल्या तर दाखला बरोबर असूनही सवलत जाते.

आयातदार तुमच्याकडे उत्पादनाची माहिती मागेल तेव्हा बिचकू नका. कॅरोटारमुळे ती मागणे त्याला भाग आहे. मात्र पाककृती देण्याची गरज नाही. कच्चा माल कोणता, कुठला, कोणत्या टप्प्यांतून माल तयार झाला आणि मूळस्थानाची कोणती कसोटी पुरी झाली, एवढे सांगा. खर्चाचे आकडे नाजूक वाटत असतील तर ते दाखला देणाऱ्या यंत्रणेला द्या आणि चौकशी तिच्यामार्फत होऊ द्या.

पैशांबद्दलचा एक गैरसमजही दूर करायला हवा. शुल्क माफ झाले म्हणजे ते पैसे तुमच्याकडे येतात असे तुमच्या पत्रातून ध्वनित होते. शुल्क भरतो आयातदार, म्हणून वाचतेही त्याचेच. समजा शंभर रुपयांच्या बरणीवर तीस रुपये शुल्क होते आणि ते शून्य झाले. ते तीस रुपये त्याच्या खिशात राहतील, ग्राहकाला स्वस्ताई म्हणून जातील की त्यातले दहा तुम्हाला वाढीव भाव म्हणून मिळतील, हे कराराने ठरत नाही, तुमच्या बोलणीने ठरते. म्हणून भाव सांगण्याच्या आधी सवलतीचा आकडा तुम्हाला माहीत असला पाहिजे, आणि मागणीच्या कागदावर हेही लिहिलेले असले पाहिजे की दाखल्यातल्या चुकीमुळे शुल्क भरावे लागले तर ते कोणी सोसायचे.

करार न पाहणाऱ्या आणखी गोष्टी आहेत. युरोपीय संघात ‘जॅम’ हे नाव लावण्यासाठी किलोमागे किमान ३५० ग्रॅम फळ लागत असे. २०२४ च्या सुधारणेने ते सर्वसाधारणपणे ४५० ग्रॅमवर नेले असून १४ जून २०२६ पासून हा नियम लागू करण्याचे ठरले आहे. तुमच्या बरणीत फळ किती आहे ते घाण्याच्या वहीवरूनच कळेल. कमी असेल तर एक तर अननस वाढवा, नाही तर लेबलवरचे नाव बदला. शून्य शुल्काचा माल नावामुळे अडकून पडणे हे फार चमत्कारिक दुर्दैव आहे, पण ते घडते.

आता सल्लागार. त्यांना मी वाईट म्हणत नाही. मात्र ‘करारांचा लाभ मिळवून देतो’ अशा गोल कामासाठी एकदम मोठी फी देऊ नका. कोड ठरवणे, एका करारातली कसोटी लागू करणे, बिलावरचे वाक्य तपासणे, अशा एकेका ठरलेल्या कामाचे पैसे द्या आणि उत्तर लेखी घ्या. त्याआधी तुमच्या बेटावरच्या यंत्रणा वापरा, कारण त्या तुमच्याच कराच्या पैशांतून चालतात. इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड निर्यातीसाठी आहे, एसएमई मॉरिशस लहान उद्योगांसाठी आहे, आणि दाखले सीमाशुल्क विभाग देतो. तिथे ‘मला कराराबद्दल माहिती हवी’ असे विचारलेत तर पुस्तिका मिळेल. ‘२००७ मधल्या अननसाच्या जॅमवर या करारात आज दर किती, कसोटी कोणती आणि बिलावर काय लिहू’ असे विचारलेत तर समोरच्या माणसाला फाईल उघडावी लागेल. कोडबद्दल वाद संभवत असेल, आणि तुमच्या पेयाबद्दल तो संभवतो, तर आयात होणाऱ्या देशाकडून आगाऊ निर्णय घ्यायची सोय आहे. भारतात त्यासाठी मुंबईत आणि दिल्लीत प्राधिकरणे आहेत, आणि युरोपीय संघाचा असा निर्णय तीन वर्षे बंधनकारक असतो.

त्या यंत्रणांकडून आणखी एक गोष्ट मागण्यासारखी आहे, पण ती एकट्याने मागून मिळणार नाही. तुमच्यासारखे लोणची, बिस्किटे, साबण करणारे पाच-सहा उत्पादक मिळून एक कंटेनर भरू शकतात. प्रत्येकाचा माल वेगळा, कोड वेगळा, मूळस्थानाचा पुरावा ज्याचा त्याचा, आणि भाडे वाटून. व्यापाऱ्याने तुम्हाला जे दाखवले ते याचेच विकृत रूप होते. लहानांना मोठ्यांची साथ हवी असते हे त्याने ओळखले. फक्त त्याला तुमच्या चुलीपेक्षा तुमची सही हवी होती.

तुमच्या मेहुण्यांचे म्हणणे आहे की सरकारनेच हे सगळे करावे. त्यांना तुमच्या बेटाच्या साखरेची आठवण द्या. १९७५ पासून युरोपने तुमची साखर ठराविक कोट्यात आणि हमीच्या भावाने घेतली, आणि त्या भरवशावर एक पिढी निर्धास्त होती. मग युरोपने आपल्या साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये ती हमीची व्यवस्थाच संपली. त्या काळात ज्यांनी शुद्ध आणि विशेष साखरेकडे मोर्चा वळवला ते टिकले. अमेरिकेची आफ्रिकी देशांना सवलत देणारी २००० सालची तरतूद तर एकतर्फी आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवावी लागते. करार त्याहून टिकाऊ असतो, तरीही शुल्क शून्य आहे तोवरच गिऱ्हाईक बांधून घ्यावे, कारण उद्या तीच सवलत तुमच्याहून मोठ्या देशाला मिळाली की तुमची आघाडी संपते.

कोकणात कोकम आणि आंब्यावर प्रक्रिया करणाऱ्या आणि १ मे २०२२ पासून लागू झालेल्या संयुक्त अरब अमिरातीच्या कराराकडे आशेने पाहणाऱ्या वाचकांनाही हाच क्रम लागू आहे. आधी कोड, मग दोन दरांतला फरक, मग कसोटी, मग वही, आणि भावाची बोलणी त्यानंतर. फक्त देशांची नावे बदलतील.

तुम्ही स्वतः तीनही वस्तू आणि दोनही देश एकदम हाती घेऊ नका. जॅम आणि रियुनियन एवढेच या वर्षी पुरे. पेय बेटावरच्या हॉटेलांत चांगले खपते आहे, त्याला तिथेच राहू द्या, आणि दादरला तूर्त सहा बरण्या भेट म्हणून पाठवा. त्या दुकानदाराला आजच लिहून गेल्या वर्षीच्या खेपेचा कस्टम्सचा कागद मागवा, त्यात सीमाशुल्काची आणि सागरी जकातीची रक्कम वेगळी लिहिलेली असेल. तो कागद आणि तुमचे जुने बिल घेऊन सीमाशुल्क विभागाच्या दाखल्यांच्या खिडकीवर जा. पुढच्या अननसाच्या टोपल्या दारात येण्याआधी वही मात्र विकत आणून ठेवा.